जुना ॲम्प्लिफायर सुरू करताना डाव्या बाजूने ‘धप्प’ आणि मग बराच वेळ चरचर : शोध कुठून सुरू करावा?

मृदुस्वर (प्रश्न)

भंगारात निघालेला एक इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर माझ्याकडे आला आहे. तो १९७० च्या दशकातला आहे. सर्व टप्पे सुट्या ट्रान्झिस्टरांचे आहेत, पुरवठा धन आणि ऋण असा दुहेरी आहे आणि स्पीकरच्या वाटेवर संरक्षक रिले (विजेने चालणारा स्विच) आहे. मागच्या बाजूला प्री-ॲम्प (व्हॉल्यूम व टोनचा आधीचा भाग) आणि पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा भाग) जोडणारे U आकाराचे दोन धातूचे जंपर आहेत. हे यंत्र कित्येक वर्षे बंद पडून असावे असे आतल्या धुळीवरून वाटले, म्हणून ते थेट मुख्य पुरवठ्यावर न लावता आधी ६० वॉटचा तारेचा बल्ब एकसर जोडून चालू केले. बल्ब क्षणभर प्रखर झाला आणि लगेच मंदावला, त्यामुळे आत कुठे सरळ शॉर्ट नाही एवढी खात्री झाली.

आता बल्ब काढून थेट पुरवठ्यावर चालवताना दोन तक्रारी आहेत. पहिली अशी की, बटण दाबल्यावर लगेचच रिलेची ‘टक’ ऐकू येते आणि तिच्यासोबत डाव्या स्पीकरमधून जोराचा ‘धप्प’ आवाज येतो. उजवीकडूनही येतो, पण बराच हलका. दुसरी अशी की, त्यानंतर डावीकडून अनियमित चरचर सुरू होते, मध्येच एखादा ‘फट्’ असा आवाज येतो, आणि यंत्र गरम झाले की हे सारे हळूहळू नाहीसे होते. व्हॉल्यूम शून्यावर असला तरी चरचर तशीच राहते. स्पीकरच्या टर्मिनलवर मोजलेला डीसी ऑफसेट (आवाज नसतानाही उरणारे डीसी व्होल्टेज) स्थिरावल्यावर डावीकडे ६० मिलिव्होल्ट आणि उजवीकडे १२ मिलिव्होल्ट आहे.

माझ्याजवळ मल्टिमीटर, सोल्डरिंगचे साहित्य आणि कॅपॅसिटर मोजण्याचे एक साधे उपकरण आहे, ऑसिलोस्कोप नाही. सर्व इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सरसकट बदलून टाकावेत, की आधी दोष शोधावा, याबद्दल मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

ऋणाग्र

आपण बल्ब लावून सुरुवात केलीत हे उत्तम झाले. आता पुढील मोजमापे होईपर्यंत चांगले स्पीकर काढून ठेवावेत आणि त्यांच्या जागी ८ ओहम, १० ते २० वॉटचे रोधक किंवा गेले तरी हळहळ वाटणार नाही असा एखादा स्पीकर लावावा.

आपण ज्यांना दोन तक्रारी म्हणता त्या बहुधा दोन स्वतंत्र दोषांच्या आहेत, आणि त्यांची सरमिसळ केल्यास शोध भरकटेल. सुरुवातीच्या आवाजांच्या बाबतीत, आवाज कोणता यापेक्षा तो केव्हा येतो याला मी अधिक महत्त्व देतो. बटण दाबताक्षणी, रिले लागण्यापूर्वीच ‘फट्’ झाले, तर संशय मुख्य स्विचच्या ठिणगीवर आणि त्या स्विचला समांतर असलेल्या ठिणगीशामक कॅपॅसिटरवर जातो. रिले लागताक्षणी ‘धप्प’ झाले, तर त्या क्षणी पॉवर ॲम्पच्या निर्गमावर (आउटपुटवर) डीसी व्होल्टेज उभे होते, असा त्याचा सरळ अर्थ आहे. रिले लागून गेल्यानंतर, काहीही न हलवता जी चरचर येते आणि तापमानानुसार बदलते, ती एखादा ट्रान्झिस्टर, सुटलेला सोल्डर जोड किंवा गळका (डीसी झिरपू देणारा) कॅपॅसिटर यांच्यापैकी कुणाची तरी असते.

‘धप्प’ आवाजाविषयी थोडे सविस्तर लिहितो. एकेरी पुरवठ्यावर चालणाऱ्या त्याहून जुन्या ॲम्प्लिफायरांत निर्गमावर एक मोठा कॅपॅसिटर असतो आणि तो पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजपर्यंत स्पीकरमधूनच भारित होतो. तिथे ‘धप्प’ हा रचनेचाच भाग असतो आणि तो पूर्ण घालवता येत नाही. आपल्या यंत्रात असा कॅपॅसिटर नाही. मात्र दुहेरी पुरवठ्याच्या रचनेतही, पहिल्या टप्प्यातील ट्रान्झिस्टरांच्या जोडीला तिचे ठरलेले व्होल्टेज मिळेपर्यंत निर्गम शून्यावर थांबत नाही, कुठेतरी वरखाली भटकतो. तो स्थिरावेपर्यंत स्पीकर तोडून ठेवणे हे रिलेच्या विलंबाचे काम आहे. हा विलंब साधारणपणे ३ ते ६ सेकंदांचा असतो. आपण “लगेचच टक होते” असे लिहिले आहे आणि मला तोच शब्द सर्वांत बोलका वाटतो.

म्हणून पहिले मोजमाप असे करावे. स्पीकरच्या टर्मिनलवर मोजू नये, कारण रिले लागेपर्यंत तिथे काहीच दिसणार नाही; रिलेच्या अलीकडे, म्हणजे पॉवर ॲम्पच्या बाजूच्या संपर्कावर मोजावे. मीटरची टोके हाताने धरून ठेवू नयेत. यंत्र बंद असताना मगरचिमटे लावावेत आणि मगच चालू करावे, कारण शेजारच्या दोन पायांवर टोक एकदा घसरले तरी निर्गमाचे ट्रान्झिस्टर क्षणार्धात जातात. मीटरच्या पडद्याचे मोबाइलवर चित्रण करावे. रिलेची ‘टक’ त्याच चित्रणात ऐकू येईल आणि त्या क्षणाचा आकडा नंतर सावकाश पाहता येईल. डिजिटल मीटरचा आकडा सेकंदातून दोन-तीनदाच बदलतो, त्यामुळे तो अंदाजी समजावा. काट्याचा जुना मीटर असेल तर या कामाला तो अधिक चांगला. ही मोजणी बल्ब न लावता करावी, कारण बल्बमुळे पुरवठा कमी पडतो आणि मिळणारे आकडे फसवे असतात.

दुसरी तपासणी याहून सोपी आहे. यंत्र बंद करून मागचे जंपर काढावेत, पॉवर ॲम्पच्या प्रवेशांवर (इनपुटवर) आतून शॉर्ट केलेले आरसीए प्लग लावावेत आणि पुन्हा चालू करावे. प्रवेश नुसते उघडे ठेवल्यास घूंघूं येईल आणि काहीच कळणार नाही. ‘धप्प’ राहते का आणि चरचर राहते का, एवढेच कळवावे.

तांबडी_तार

इतका खटाटोप करण्याची गरज मला वाटत नाही. ४५-५० वर्षांपूर्वीचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आज ना उद्या जाणारच आहेत. यंत्र उघडलेच आहे, तर सर्व बदलून टाकावेत. त्यात निम्म्याहून अधिक तक्रारी आपोआप मिटतात. नवे कॅपॅसिटर आकाराने लहान असतात, त्यामुळे त्याच जागेत अधिक क्षमतेचे बसतात, आणि १०५ अंश सेल्सिअसचे घेतल्यास पुन्हा उघडावे लागत नाही.

अर्धलहर

‘तांबडी_तार’ यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु क्रम मला मान्य नाही. दोष शोधण्यापूर्वी पन्नास-साठ सुटे भाग बदलले की पन्नास-साठ ठिकाणी नवा दोष निर्माण होण्याची संधी आपणच निर्माण करतो: एखादा कॅपॅसिटर उलट बसतो, एखादा जुना तांब्याचा पट्टा पॅडसकट उखडला जातो, एखाद्या टोकाचा सोल्डर शेजारच्या जोडाला चिकटतो. त्यानंतर यंत्र वेगळाच आवाज करू लागले, तर तो आवाज जुना की आपण आणलेला, हे सांगण्यास कोणताच आधार उरत नाही. शिवाय प्रश्नकर्त्यांची चरचर ज्या स्वरूपाची आहे, ती कॅपॅसिटर बदलून जाईल याची शक्यता मला कमी वाटते. दोष सापडल्यावर, यंत्र निरोगी असताना, एकेक फलक (सर्किट बोर्ड) घेऊन आणि प्रत्येक फलकानंतर यंत्र चालवून पाहत कॅपॅसिटर बदलण्यास माझी काहीच हरकत नाही.

क्षमता वाढवण्याच्या सल्ल्याशी मात्र मी असहमत आहे. सिग्नलच्या वाटेवरचे आणि संरक्षक मंडलातले कॅपॅसिटर वेळ ठरवण्याचे काम करतात. तिथे छापील मूल्यच ठेवावे, व्होल्टेज मर्यादा हवी तर वाढवावी.

एक गोष्ट आताच डोळ्यांनी पाहून घ्यावी. मोठे कॅपॅसिटर फलकावर घट्ट बसावेत म्हणून त्या काळी त्यांच्या बुडाशी डिंक लावत असत. तो मुळात फिकट असतो. वर्षानुवर्षे उष्णता लागून तो तपकिरी आणि ठिसूळ होतो, आणि अशा अवस्थेत तो वीज थोडीफार वाहू देतो व शेजारच्या तारा गंजवतो. असा डिंक दोन रोधकांच्या पायांवर ओघळलेला असेल, तर नेमकी आपण वर्णन केली आहे तशी चरचर ऐकू येते. तो लाकडी काडीने खरवडून काढावा आणि जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. आत हात घालण्यापूर्वी फिल्टर कॅपॅसिटर रिकामे झाले आहेत याची मीटरने खात्री करावी. भार उरला असल्यास काही शे ओहमचा, ५ वॉटचा रोधक टोकांना लावून तो उतरवावा, पेचकसाने शॉर्ट करून नव्हे.

मृदुस्वर

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे मोजणी केली.

रिले बटण दाबल्यापासून जेमतेम एका सेकंदात लागते. त्या क्षणी रिलेच्या अलीकडे डाव्या बाजूस सुमारे १.८ व्होल्ट आणि उजवीकडे सुमारे ०.४ व्होल्ट दिसतात. उजवी बाजू त्यानंतर झपाट्याने शून्याजवळ येते. डावी मात्र रेंगाळत उतरते आणि शेवटी ६० मिलिव्होल्टवर थांबते.

जंपर काढून आणि शॉर्ट केलेले प्लग लावून चालवल्यावर ‘धप्प’ तसाच राहिला, पण चरचर पूर्णपणे थांबली. जंपर परत लावल्यावर चरचर परत आली. तपकिरी डिंक फक्त दोन मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरांच्या खाली होता. तो काढला, पण आवाजात फरक पडला नाही.

१.८ व्होल्टने स्पीकरला इजा होऊ शकते का?

ऋणाग्र

१.८ व्होल्ट ८ ओहममधून म्हणजे सुमारे ०.४ वॉट. कानाला तो दणका मोठा वाटतो, पण त्याने व्हॉइस कॉइल (स्पीकरमधील तारेचे वेटोळे) जळत नाही. भीती असते ती निर्गमाचा ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन पूर्ण पुरवठा स्पीकरवर येण्याची: ३० व्होल्ट आले तर ११० वॉटहून अधिक शुद्ध डीसी कॉइलमध्ये जाते आणि ती काही सेकंदांत संपते. त्यामुळे संरक्षक मंडल नीट असणे हे ‘धप्प’ थांबण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आता आपल्याकडे दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. ‘धप्प’ पॉवर ॲम्प आणि संरक्षक मंडलाचा आहे, चरचर प्री-ॲम्पची.

‘धप्प’ आवाजात पुन्हा दोन घटक आहेत. एक, रिले फार लवकर लागते. आपले यंत्र सुट्या ट्रान्झिस्टरांच्या काळातले असल्याने विलंब एका रोधकातून भारित होणाऱ्या एका इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरवर अवलंबून असणार. (नंतरच्या यंत्रांत हे काम यूपीसी १२३७ किंवा टीए ७३१७ यांसारख्या आयसी करतात, पण तत्त्व तेच.) हा कॅपॅसिटर सुकून त्याची क्षमता घटली की विलंब आखूड होतो, तोच गळका झाला, तर विलंब लांबतो किंवा रिले लागतच नाही. आपल्याकडे पहिला प्रकार दिसतो.

दोन, डावी बाजू उजवीपेक्षा उशिरा स्थिरावते. नुसता विलंब दुरुस्त केल्यास ‘धप्प’ ऐकू येणार नाही, परंतु डावीकडचा दोष पडद्याआड तसाच राहील, म्हणून मी तिथे थांबण्याचा सल्ला देणार नाही. आपल्याजवळ शेजारीच एक निरोगी बाजू आहे आणि स्कोप नसणाऱ्या माणसाला याहून चांगले उपकरण नाही. डाव्या आणि उजव्या फलकांवर त्याच त्या जागी मोजत जावे आणि आकडे कुठे फुटतात ते पाहावे. सुरुवात पहिल्या टप्प्याच्या पुरवठ्यापासून करावी. मुख्य पुरवठ्यातून एक रोधक आणि त्यापुढे जमिनीकडे एक कॅपॅसिटर, अशी गाळणी तिथे असते. चालू केल्यावर त्या कॅपॅसिटरवरील व्होल्टेज दोन्ही बाजूंना सारख्याच वेगाने चढते का, ते पाहावे. तिथे फरक न दिसल्यास फीडबॅकच्या (निर्गमाचा काही भाग प्रवेशाकडे परत नेणाऱ्या) शाखेतील कॅपॅसिटर तपासावा, कारण तो गळका झाला की डीसीसाठीही ॲम्प्लिफायरची वर्धनक्षमता वाढते आणि स्थिर ऑफसेट मोठा दिसतो.

बायसचे (निर्गमाच्या ट्रान्झिस्टरांतून आवाज नसताना वाहणारा प्रवाह ठरवणारे) उघडे ट्रिमपॉट या गडबडीत उगाच फिरवू नयेत. त्यांचा सरकता संपर्क गंजलेला असल्यास फिरवताना तो क्षणभर सुटतो आणि बऱ्याच रचनांत त्याच क्षणी बायस कमालीचा वाढून निर्गमाचे ट्रान्झिस्टर जातात. बदलायचेच असतील तर आधी जुन्याचा रोध मोजून नवा तेवढ्यावरच लावून बसवावा.

अर्धलहर

चरचरीविषयी लिहितो. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही ती येते, म्हणजे उगम व्हॉल्यूमच्या पॉटनंतर (फिरत्या रोधकानंतर) आहे. जंपर काढल्यावर जाते, म्हणजे उगम जंपरच्या आधी आहे. अशा यंत्रांत या दोहोंच्या मध्ये बहुधा फक्त टोन नियंत्रणाचा टप्पा असतो. टोन बाद करण्याचा स्विच असेल तर तो दाबून पाहावा.

या टप्प्यात बाजूला दोन किंवा तीन लहान ट्रान्झिस्टर असतात. गार असताना फुटाण्यांसारखा अनियमित आवाज आणि तापल्यावर शांतता, ही जुन्या लहान-सिग्नल ट्रान्झिस्टरची ओळखीची खूण आहे. २एससी४५८ हा तर या दोषासाठी दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये कुप्रसिद्ध आहे; त्याचे पाय काळे पडलेले दिसले की तो बदलण्यासाठी मी दुसरा पुरावा शोधत बसत नाही.

पुरावा हवाच असेल तर यंत्र तापून शांत झाल्यावर गारवा देणारा फवारा एकेका ट्रान्झिस्टरवर, पातळ नळीने, नेमका तेवढ्याच भागावर मारावा. दोषी भागावर पडताच चरचर परत येईल. फवारा संपूर्ण फलकावर मारल्यास सगळेच गार होते आणि निष्कर्ष निघत नाही. त्याआधी एका लाकडी काडीने फलकावर हलकेच टिचक्या मारून पाहाव्यात. टिचकीसरशी आवाज उठला तर ट्रान्झिस्टरऐवजी त्या परिसरातले सोल्डर जोड भिंगातून पाहावेत. पायाभोवती बारीक गोल भेग दिसणारा जोड सुटलेला असतो. जुना सोल्डर काढून तिथे नव्याने भरावा, नुसता तापवून सोडू नये.

पर्यायी ट्रान्झिस्टर निवडताना पायांच्या क्रमाकडे लक्ष द्यावे. बहुतेक जुन्या जपानी लहान ट्रान्झिस्टरांत मधला पाय कलेक्टरचा असतो, तर बीसी मालिकेतल्या बीसी ५५० सारख्यांत तो बेसचा असतो. व्होल्टेजही पाहावे: बीसी ५५० ची मर्यादा ४५ व्होल्टची, केएससी १८४५ ची १२० व्होल्टची. टोनच्या टप्प्याचा पुरवठा किती आहे ते मोजल्याशिवाय निवड करू नये, आणि दोन्हींची डेटाशीट शेजारी ठेवूनच पाय वाकवावेत.

तांबडी_तार

ट्रान्झिस्टरविषयीचे म्हणणे मान्य. तरीही डावीकडच्या त्या गाळणीचा कॅपॅसिटर बदलताना उजवीकडचाही बदलावा, एवढे तरी ऐकावे. दोघांचे वय एकच आहे.

मृदुस्वर

हे ऐकले. दोन्ही बाजूंचे बदलले.

पहिल्या टप्प्याच्या पुरवठ्यावर रिले लागण्याच्या क्षणी उजवीकडे २७ व्होल्ट होते, डावीकडे अवघे १७. आणि डावीकडचे पुढे मुंगीच्या पावलांनी चढत होते. तिथला कॅपॅसिटर काढून मोजला तर क्षमता छापील मूल्याच्या जवळच निघाली, त्यामुळे क्षणभर गोंधळलो. मग रोधकातून डीसी पुरवठा देऊन गळती पाहिली, तेव्हा दोष दिसला. क्षमता मोजणारे उपकरण अगदी कमी व्होल्टेजवर मोजते, म्हणून तिथे गळती लपली असावी, असे मला वाटते.

संरक्षक मंडलातील विलंबाचा कॅपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा आहे, तो २० च्या आसपास निघाला. बदलल्यानंतर रिले सुमारे साडेचार सेकंदांनी लागते. डावा ऑफसेट आता १८ मिलिव्होल्ट आहे आणि रिले लागताना फक्त तिची स्वतःची ‘टक’ ऐकू येते.

टोनच्या टप्प्यात डाव्या बाजूचा पहिला ट्रान्झिस्टर फवाऱ्याला लगेच बोलला. पाय काळे होतेच. दोन्ही बाजूंचे मिळून चारही बदलले, चरचर गेली.

एक गोष्ट राहिली आहे. यंत्र बंद करताना आता किंचित ‘भुप्प’ असा आवाज येतो, जो पूर्वी येत नव्हता. संरक्षक मंडलाच्या फलकावर काम करताना रिलेच्या पुरवठ्याचा कॅपॅसिटरही बदलला. ४७ मायक्रोफॅरडचा मिळाला नाही म्हणून २२० चा बसवला. त्याचा संबंध असेल का?

ऋणाग्र

हो, तेच कारण आहे. चालू करताना रिलेने उशिरा लागावे आणि बंद करताना मुख्य फिल्टर कॅपॅसिटर रिकामे होण्याच्या आत सुटावे, म्हणून तिचा पुरवठा मुद्दाम लहान कॅपॅसिटरवर ठेवलेला असतो. २२० चा कॅपॅसिटर रिलेला बराच वेळ धरून ठेवतो आणि तेवढ्यात पॉवर ॲम्पचा तोल जाऊन त्याचा निर्गम हलतो. छापील ४७ चाच बसवावा. गळती क्षमतेच्या मापात दिसत नाही हे आपले निरीक्षणही बरोबर आहे. म्हणूनच जुना कॅपॅसिटर मापात “चांगला” निघाला, तरी त्याच्यावरील व्होल्टेज चढते कसे, हे मी यंत्रात बसलेला असतानाच पाहून घेतो.

अर्धलहर

४७ चा कॅपॅसिटर बसवण्यासाठी फलक पुन्हा निघणारच आहे, तर रिलेचे संपर्कही तेव्हाच पाहून घ्यावेत. काळवंडलेले असले तर हळू आवाजात एक बाजू दबलेली किंवा फाटकी ऐकू येते आणि आवाज वाढवला की अचानक नीट होते. पॉलिश पेपरने घासू नयेत, वरचा चांदीचा मुलामा निघून जातो. त्याच व्होल्टेजची कॉइल आणि तीच पायरचना असलेली नवी रिले बसवणे सोयीचे पडते.

मृदुस्वर

४७ चा बसवला, ‘भुप्प’ गेला. संपर्क काळेच होते. त्याच मापाची २४ व्होल्टची रिले मागवली आहे. ती बसवल्यावर बायस मोजून मगच झाकण लावीन.